दर महिन्याला एक कप तेल

निवाल्दो कुतिन्योने बायकोसाठी यंत्र बनवलं तेव्हा गल्लीने त्याला अगदी डोक्यावर घेतलं होतं. आणि का घेऊ नये? मान्सानियो शहरातल्या त्या चढाच्या गल्लीत जोडतोड करून बनवलेली एकही वस्तू नाही असं घर सापडायचं नाही. कोणाचा पंखा कपडे धुण्याच्या रशियन यंत्राच्या मोटरवर गरगरत होता, कोणी शाळेतल्या जेवणाच्या पत्र्याच्या ताटांचा अँटेना करून छपरावर उभा केला होता, कोणी सायकलला फवारणीच्या पंपाचं इंजिन बसवून फटफटी केली होती आणि वर सगळ्यांना धूर खायला घालत होता. आमच्याकडे वस्तू बिघडली म्हणून कोणी टाकत नाही. टाकून नवी आणणार कुठून, सासऱ्याकडून? पण हे सगळं सोयीपुरतं काम झालं. निवाल्दोने बनवलं ते श्वास घ्यायचं यंत्र.

एनेइदाचा दमा लहानपणापासूनचा. पॉलिक्लिनिकमध्ये औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर नव्हता असं नाही. एक होता. त्याच्यासमोर वीस माणसं छाती धरून बसलेली असायची आणि नेमका आपला नंबर लागला की वीज जायची. दुकानात तो मिळत नव्हता. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवला तर येणार, आणि कुतिन्यो घराण्यातलं परदेशात कोणीच नव्हतं. या घराण्याला वेळेवर पळून जायची अक्कलच कधी आली नाही, असं एनेइदा म्हणायची.

त्या दिवसांत निवाल्दोचं स्वतःचंही काही खरं नव्हतं. छत्तीस वर्षं तो साखर कारखान्यात दाबमापक, तापमापक, असली नाजूक उपकरणं दुरुस्त करत आला होता. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली आणि हा गडी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जो पडला तो आठ महिने तसाच. दाढी नाही, बोलणं नाही, समोर ठेवलेला भात दोन घास खाऊन सरकवायचा. एनेइदा त्याला ओरडून बघायची, लाडीगोडी लावून बघायची. शेवटी तिने तेही सोडलं, कारण ओरडायलाही दम लागतो.

मग एक दिवस पॉलिक्लिनिकच्या रांगेतून दोन शेजारणींनी एनेइदाला उचलूनच घरी आणलं. ओठ निळे पडलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या. निवाल्दो खाटेवर उठून बसला. तिच्याकडे बघत राहिला. मग मागच्या अंगणात गेला. तिथे एक मेलेला फ्रिज कोंबड्यांचं खुराडं म्हणून पडलेला होता. त्याने कोंबड्या हुसकल्या, फ्रिज उताणा पाडला आणि पाना शोधायला लागला.

नवव्या दिवशी यंत्र चालू झालं. फ्रिजच्या बुडाशी काळा, मडक्याएवढा कॉम्प्रेसर असतो, तो त्याने हवा फेकायला लावला. खाली जुन्या चपलांचे तुकडे, हादरे बसू नयेत म्हणून. दाब फार वाढला तर सोडायला प्रेशर कुकरची शिट्टी. नळी सलाइनची. आणि टोकाला औषधाची खरीखुरी कुपी आणि मास्क, जे इस्पितळातल्या एका परिचारिकेने त्याला लपवून दिलं. खटका दाबला की औषधाचा पांढरा धूर व्हायचा आणि तो एनेइदाच्या छातीत जायचा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांनी तिने मास्क काढला, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "म्हाताऱ्या, तू आता आंघोळ कर." त्याने केली.

लोक त्या यंत्राला फुंकणी म्हणायला लागले आणि निवाल्दोला मास्तर. समोरच्या घरात सोरायदा राहायची, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. तिच्या लेकीला, चार वर्षांच्या लियानेतला, दमा होता. तिला निवाल्दोने स्वतः बनवून दिली. मग वरच्या वळणावरच्या म्हाताऱ्याला, मग अजून तिघांना. गल्लीत एनेइदाची सोडून पाच झाल्या. आणि आराखडा तर त्याने कोणापासून लपवलाच नाही. आमच्यात तशी रीतच नाही. ज्याला काही जमलं त्याने दुसऱ्याला दाखवायचं, नाहीतर माणसं जगायची कशी? वहीच्या पानावर त्याने एकेक नळी काढली, शेजारी मापं लिहिली, आणि जो येईल त्याला फोनवर फोटो काढू दिला. फोटो बायामोला गेला, निकेरोला गेला, आणखी कुठे कुठे गेला.

आराखड्यात खाली एक सूचना होती: दर महिन्याला तेल घालणे. कारण कॉम्प्रेसरला आतून तेल लागतं. फ्रिजमध्ये ते बंद नळ्यांत फिरून परत आपल्या जागी येतं, पण कॉम्प्रेसर असा उघड्यावर चालवला की हळूहळू कमी होतं आणि यंत्र गरम व्हायला लागतं. निवाल्दोने त्याचाही विचार केला होता. नळीच्या मध्ये सलाइनची बाटली बसवून तिच्यात कापूस भरला होता, तेलाचा अंश आला तर तिथेच अडावा म्हणून. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो कॉम्प्रेसरमध्ये कॉफीचा एक कप तेल ओतायचा. तेल विजेच्या रोहित्रातलं, एका तारवाल्या मित्राने दिलेलं, पाण्यासारखं नितळ. घाणेरडं गाडीचं तेल बायकोच्या यंत्रात घालीन का मी, असं तो छाती पुढे काढून सांगायचा.

दोन वर्षं असं चाललं. मग एनेइदा उतरायला लागली.

आधी चढ चढताना थांबायची, मग अंगणात जाताना थांबायला लागली. खोकला कोरडा, सारखा. अंगावरचं मांस झडलं. निवाल्दोला वाटलं, दमा बळावतोय. मग त्याने काय केलं? दुसरा कोणी करील तेच केलं, औषध वाढवलं. दिवसातून दोनदा लागायची ती फुंकणी वीज असेल तेव्हा पाचदा लागायला लागली. त्याला वाटलं, हवा कमी पडते आहे. त्याने कुकरच्या शिट्टीवर एक नट चढवून दाब वाढवला. एनेइदा मास्क लावून बसायची, तो शेजारी स्टुलावर बसून तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि आता पुढच्या वेळी नळी अजून थोडी आखूड करून बघू, म्हणजे जोर वाढेल, असं काहीबाही बोलत राहायचा. ती मान हलवायची.

मार्चमध्ये ती दारापर्यंतही जाईना, तेव्हा त्याने तिला सायकलरिक्षात घालून पॉलिक्लिनिकला नेलं. डॉक्टर यारिसेल तिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गल्लीतली सगळी माणसं तिला नावानिशी माहीत. क्ष-किरणाची फिल्म नव्हतीच, म्हणून तिने पडद्यावरच्या चित्राचा आपल्या फोनवर फोटो काढला आणि तो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत बसली. मग एनेइदाचा बेडका काचेच्या नळीत घेऊन आत गेली. परत आली तेव्हा एनेइदाला परिचारिकेबरोबर बाकावर बसवलं आणि निवाल्दोला एकट्याला आत बोलावलं.

"काका, ही पोट साफ व्हायला पातळ पॅराफिन वगैरे घेते का?"

"छे."

"नाकात तेलाचे थेंब? झोपताना?"

"तेल भाजीला मिळत नाही पोरी, नाकात कुठून घालणार?"

ती हसली नाही. "हिच्या फुप्फुसात तेल आहे. दोन्हीकडे, खाली. बेडक्यातही तवंग दिसतोय. हे थोडं थोडं करून गेलंय, बऱ्याच दिवसांत. मला कळत नाहीये कुठून."

निवाल्दोला अजून काही उमगलं नव्हतं. तो उलट तिला धीर द्यायला लागला. म्हणाला, औषधाचं तरी आम्ही चुकवत नाही हो, यंत्र घरातच आहे, पाचपाच वेळा देतो. यंत्राचं नाव काढलं की त्याची गाडी कुठे थांबायची नाही. कॉम्प्रेसर, चपला, शिट्टी, सगळं त्याने तिला सांगितलं. तेलही सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं त्याला काही दिसतच नव्हतं.

"दर महिन्याला तेल घालता?" डॉक्टरने विचारलं.

"पहिल्या रविवारी. एक कप. चुकत नाही कधी."

"का घालावं लागतं?"

"कमी होतं म्हणून."

"कमी होतं म्हणजे ते जातं कुठे, काका?"

 छत्तीस वर्षं या माणसाने कुठल्या नळीतून किती वाफ गळते ते गुंजभर फरक न करता सांगितलं होतं.

"कापसात अडतं," तो म्हणाला. "बाटलीत कापूस आहे ना."

"कापूस किती ओला होतो?"

कापूस पिवळा व्हायचा. पिळला तर चमचाभर तेल निघालं असतं. दर महिन्याला कप आणि कापसात चमचा. दोन वर्षं आणि पाच महिने. हिशोब काय अवघड होता, शाळेतल्या पोरानेही केला असता. तो कधी केलाच नव्हता. कापूस बदलताना प्रत्येक वेळी त्याला बरं वाटायचं की बघा, कसं अडवलंय. जे अडलं नाही त्याचा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. त्याने टेबलाची कड धरली.

"माझ्या हाताने," तो म्हणाला. "पोरी, मी माझ्या हाताने."

डॉक्टर यारिसेल खुर्चीवर मागे टेकली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते निवाल्दोसाठी होतं की आणखी कशासाठी, हे तिने पुढच्या वाक्यात सांगितलं. "मीच तीन पेशंट तुमच्याकडे पाठवले होते. म्हटलं, इथे रांगेत मरण्यापेक्षा बरं."

उपाय काय, तर यंत्र बंद, सूज उतरायच्या गोळ्या आणि ऑक्सिजन. गोळ्या औषधांच्या दुकानात नव्हत्या, इस्पितळातही नव्हत्या. ऑक्सिजनची नळकांडी सान्तियागोहून येणार होती आणि यायची थांबली होती. "आणि गेलेलं तेल?" निवाल्दोने विचारलं. तिने मान हलवली. ते बाहेर काढता येत नाही.

वाटेत रिक्षात एनेइदाने विचारलं, "काय म्हणाली?"

"दमा बळावलाय म्हणाली. आणि यंत्र जरा बिघडलंय, ते मी उघडून बघणार आहे. तोवर आपण दुसरं काहीतरी करू."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

घरी आल्याआल्या त्याने फुंकणीचा प्लग काढला. यंत्र तिथेच, खाटेच्या उशाशी राहिलं. उचलून बाहेर फेकायची हिंमत झाली नाही, कारण मग तिने विचारलं असतं. सायकलचा पायपंप आणला, तो धुतला, वाळवला, त्याला औषधाची कुपी जोडली आणि पायाने हवा मारायला लागला. धूर निघत होता. पातळ, अडखळत, पण निघत होता, आणि त्यात तेल नव्हतं. एका वेळेला पाचशे-सहाशे दाब मारावे लागायचे. त्रेसष्ट वर्षांच्या, एक वेळ रताळी आणि एक वेळ भात खाणाऱ्या माणसाने दिवसातून पाच वेळा ते करायचं. तो करत होता. पोटऱ्या फुटायला यायच्या तरी करत होता. इतकं साधं होतं ते! दोन वर्षांपूर्वी, त्या नऊ दिवसांत, त्याला हे का सुचलं नाही? पंप तर तेव्हाही दाराआड उभा होता. पण पंप मारणं म्हणजे बिगारी काम. त्याला यंत्र करायचं होतं.

तिसऱ्या दिवशी तो सोरायदाकडे गेला. ती दगडावर चादरी आपटत होती. त्याने तिला सगळं सरळ सांगितलं, डॉक्टर काय म्हणाली तेही, आणि म्हणाला, "ती फुंकणी मला परत दे. मी पायपंप बसवून देतो."

सोरायदाने चादर पिळून बाजूला टाकली. "परत?"

"तेल जातंय पोरीच्या छातीत."

"माझ्या पोरीच्या छातीत गेली दोन वर्षं हवा जातेय मास्तर, हवा! आधी काय जात होतं सांग ना. आठवड्याला दोनदा मी तिला पाठीवर घेऊन उतार उतरत होते. तू तेव्हा भिंतीकडे बघत पडला होतास." तिने हात पुसले. "आणि पंप कोण मारणार? मी? आठ घरांचे कपडे धुते मी. मी कपड्यांना गेल्यावर घरात माझी आंधळी आई असते, ती मारणार?"

"सोरायदा, एनेइदाकडे बघ जरा."

"एनेइदा साठीची आहे, जन्माची दमेकरी आहे. तिला काय झालंय ते देवाला माहीत." मग तिचा आवाज खाली आला आणि ती विनवायला लागली. "कापूस जास्त घालते मी. दोन बाटल्या लावते. रोज बदलते. असं कर ना, मास्तर. तू काहीतरी कर, तुला सगळं जमतं. पण नेऊ नकोस. पाया पडते तुझ्या."

तो रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्या घरी गेला तर म्हाताऱ्याच्या सुनेने दारच उघडलं नाही; सोरायदाने आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. तिसऱ्या घरात त्याला ऐकायला मिळालं की निकेरोला एक जण याच आराखड्यावर डझनभर फुंकण्या बनवून विकतोय आणि मास्तरांचं नाव घेतोय. निवाल्दोने आपल्या फोनवरून ज्यांना ज्यांना फोटो पाठवला होता त्यांना निरोप धाडला, यंत्र वापरू नका, तेल छातीत जातं. चौघांनी उत्तर दिलं. एकाने लिहिलं होतं, मास्तर, तेल कुठलं चांगलं ते सांगा मग. तो फोन त्याने उशीखाली सारला आणि डोकं धरून बसला. हाक मारून परत बोलवावं तर कोणाकोणाला बोलवणार होता? त्याला नावंही माहीत नव्हती.

एनेइदाला तो काही बोलला नाही. तिनेही यंत्र कधी दुरुस्त होणार असं विचारलं नाही. ती पंपाच्या हवेवर डोळे मिटून बसायची आणि तो पाय मारत मनात आकडे म्हणायचा.

गुरुवारी वीज अकराला आली. साडेबारा वाजता एनेइदाला झटका आला तो आधीच्या कुठल्याच झटक्यासारखा नव्हता. खोकला नाही, घरघर नाही, नुसती तोंड उघडून बसली आणि हवा आत जाईना. निवाल्दोने खिडकीतून ओरडून सोरायदाला सांगितलं. ती तशीच ओल्या हातांनी धावली, फोन करून आली. रुग्णवाहिकेला डिझेल नाही, मिळालं की पाठवतो, असं उत्तर मिळालं होतं. ती पुन्हा धावली, सायकलरिक्षा बघायला.

निवाल्दो पंप मारायला लागला. शंभर. दोनशे. कुपीतून धूर यायचा आणि एनेइदाच्या तोंडापाशीच विरायचा, आत ओढायला तिच्यात जोर नव्हता. तीनशेवर काहीतरी फाटल्याचा आवाज झाला आणि पंप पायाखाली एकदम हलका झाला. आतलं चामडं गेलं होतं. तो पाय मारत राहिला, उगाचच.

एनेइदाने हात उचलून उशाकडे दाखवलं. फुंकणीकडे.

"बिघडलंय ते," निवाल्दो म्हणाला.

तिने मान हलवली. "लाव."

"एनेइदा, नको. त्यात... त्यातून तेल जातं गं. तुझ्या छातीत तेल आहे. माझ्यामुळे. डॉक्टरने सांगितलं, मी तुला बोललो नाही. माझ्या यंत्राने झालंय हे सगळं." तो आता रडत होता, लहान मुलासारखा नाक पुसत रडत होता. "मला माफ कर. मला कळलं नाही."

"मला माहितीय," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

तिला एका श्वासात दोन शब्दांपेक्षा जास्त जमत नव्हते. "जिभेवर यायचं. तेल. पहिल्या... आठवड्यापासून."

निवाल्दोला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मग बोलली का नाहीस? अगं बाई, एक शब्द बोलायचा होतास! कापूस बदलला असता, दुसरं काही केलं असतं, पंप लावला असता तेव्हाच. का बोलली नाहीस?"

ती त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता. "तू उठला होतास," ती म्हणाली. "भिंतीकडून. म्हटलं... मोडेल परत." मग तिने पुन्हा हात उचलला. "लाव. आता काय... फरक."

आणि निवाल्दोने लावलं. दुसरं काय करणार होता तो? कुपीत औषध ओतलं, प्लग खोचला, मास्क तिच्या तोंडावर धरला आणि खटका दाबला. यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. दाट पांढरा धूर भसकन आला, एनेइदाने तो ओढला, परत ओढला, आणि खरंच तिचे खांदे थोडे खाली आले. ओठांवर रंग आल्यासारखा वाटला. तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. त्या दहा मिनिटांत ती त्याच्याकडे बघून एकदा हसलीसुद्धा. त्याला मात्र आता प्रत्येक धुरात ते तेल दिसत होतं, आणि तरी मास्क तो घट्ट धरून होता.

औषध संपलं. नुसती हवा यायला लागली. त्याने खटक्याकडे हात नेला तर तिची बोटं मनगटावर आवळली, राहू दे म्हणून. त्याने राहू दिलं. थोड्या वेळाने बोटं सैल पडली. त्याला वाटलं, जरा डोळा लागला असेल, किती दिवसांत धड झोपली नव्हती. मग त्याने तिच्या छातीकडे बघितलं आणि तो बघतच राहिला.

यंत्र त्याने बंद केलं नाही. ते बंद केलं की घरात काहीच आवाज उरला नसता. ते घरघरत राहिलं आणि बाहेर गल्लीला वाटत राहिलं की एनेइदाला हवा मिळते आहे. कोणीतरी दारावरून जाताना म्हणालं सुद्धा, "चला, मास्तरांनी लावलं बाई एकदाचं." दोन वाजता वीज गेली तेव्हा ते आपसूक थांबलं.

सोरायदा रिक्षावाल्याला घेऊन आली तेव्हा अडीच वाजले होते. रिक्षावाला टोपी काढून दारातच उभा राहिला आणि मग निघून गेला. सोरायदा खाटेपाशी गेली, एनेइदाच्या पायांना हात लावून बघितला आणि खाली जमिनीवर बसकण मारून हमसाहमशी रडायला लागली. निवाल्दो स्टुलावर बसला होता. तो रडत नव्हता.

"तेल तिला पहिल्यापासून जिभेवर लागत होतं," तो म्हणाला. "मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही."

सोरायदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"लियानेत बोलते का काही? चवीचं?"

 ती हातांआडूनच म्हणाली, "कडू लागतं म्हणते. मी म्हटलं औषध कडूच असतं." ती उठून त्याच्यापाशी आली आणि त्याचा हात धरला. "बंद करते मी मास्तर. आजपासून बंद. एनेइदाच्या पायांची शपथ. पंप मारीन, आईला शिकवीन, काय वाटेल ते करीन." तिला ते मनापासून वाटत होतं, यात शंका नाही. ती एनेइदाचे केस विंचरायला बसली, तिच्या कपाटातून निळा झगा काढला, शेजारणींना हाका मारल्या.

चार वाजता समोरच्या घरातून खोकला ऐकू आला. मग श्वास ओढायचा तो आवाज, बारीक, चिरका, सहा वर्षांच्या छातीतून येणारा. सोरायदाचा कंगवा हातात थांबला. आंधळी म्हातारी हाका मारायला लागली, "सोरायदा! अगं सोरायदा, पोरगी बघ!" सोरायदाने निवाल्दोकडे बघितलं, काहीतरी बोलायला गेली, आणि मग कंगवा तसाच टाकून पळाली.

तेवढ्यात वीज आली. वेळापत्रकात ती सहाला होती, दोन तास आधी आली. गल्लीच्या खालच्या टोकापासून वरच्या वळणापर्यंत नेहमीचा एकच जल्लोष उठला, "आली! आली रे आली!", पोरं थाळ्या वाजवायला लागली, आणि खाटेच्या उशाशी फुंकणी स्वतःहून सुरू झाली. खटका तसाच राहिला होता. मास्क एनेइदाच्या गळ्याशी सरकलेला होता, त्यातून हवा येत होती आणि तिचे नुकते विंचरलेले केस हलत होते.

निवाल्दो उठला आणि त्याने खटका बंद केला. तरी घरघर थांबली नाही. ती बाहेरून येत होती. शेजारून एक, त्याच्या पलीकडून एक, वरच्या वळणावरून म्हाताऱ्याची, मागच्या अंगणापलीकडून एक. प्रत्येकीचा आवाज त्याला ओळखू येत होता, त्याच्याच हातची कामं होती ती. चार. तो खिडकीची चौकट धरून समोरच्या दाराकडे बघत उभा राहिला आणि मनात म्हणत राहिला, नको सोरायदा, पंप मार, मी येतो, मी मारतो. लियानेतचा तो चिरका श्वास रस्ता ओलांडून येत होता आणि वाढत होता.

मग पाचवी सुरू झाली.